गरुडाचं पिल्लू आणि बाबांचा आवाज

आमच्या घरात ‘नाही’ म्हणण्याचं खातं आईकडे होतं आणि ‘व्हय’ म्हणण्याचं बाबांकडे. ही वाटणी कधी झाली कोण जाणे, पण दोघांनीही आपापलं खातं शेवटपर्यंत इमानाने चालवलं. बाबांचा तिठ्यावर फोटो स्टुडिओ होता. आचऱ्याकडे जाणारा प्रत्येक माणूस त्याच्यावरून जायचा आणि बाबांकडून काहीतरी कबूल करून घ्यायचा. उद्या सकाळी पासपोर्टचे फोटो होये? व्हय. परवा बारशाक येशात? व्हय. एकदा त्यांनी एकाच मुहूर्तावरची तीन लग्नं तीन गावांत घेतली. पहिल्या लग्नात हळद टिपली, दुसऱ्यात अक्षता, आणि तिसऱ्या मांडवात पोचले तेव्हा मंडळी पानावरून उठत होती. त्या तिसऱ्या जोडप्याच्या अल्बममध्ये नवरानवरी कमी आणि हात धुणारे पाहुणे जास्त आहेत. मुलाकडचे तावातावाने भांडायला आले. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, व्हय, तुमचां बरोबर आसा. यावर भांडायला आलेला माणूस काय करणार? ते चहा पिऊन गेले.

स्टुडिओत मागे काश्मीरचा बर्फ रंगवलेला पडदा होता. त्या पडद्यापुढे आमच्या पंचक्रोशीतली सगळी माणसं घामाघूम होऊन बसलेली आहेत. फोटो धुण्याची काळोखी खोली मात्र घरी, स्वयंपाकघराला लागून. मुळात ती आईची सुक्या मासळीची खोली. अर्धी आईने सोडली नाही, अर्धी बाबांनी घेतली, त्यामुळे एका दोरीवर ओले फोटो आणि दुसऱ्या दोरीवर सुके बांगडे अशी ती खोली वर्षानुवर्षं चालली. माझ्या सुक्या बांगड्यांच्या खोलीत तुम्ही लोकांची तोंडं वाळत घालता, असं आई म्हणायची. सकाळी उकड्या तांदळाची पेज, तिच्याबरोबर भाजलेल्या बांगड्याचा तुकडा आणि खारातली कैरी, आणि शेजारच्या खोलीतून पाण्यात कागद हलवल्याचा चुबुक चुबुक आवाज. माझं लहानपण म्हटलं की मला तो आवाज आणि तो वास आधी आठवतो, माणसं नंतर.

घरामागच्या उतारावर एक रायवळ आंबा होता. होता कशाला म्हणू, आहे. झाड भावकीतल्या पाच घरांचं सामाईक. फळाची पाळी ठरलेली, यंदा या घराची, पुढच्या वर्षी त्या घराची. आंबा इतका आंबट की पाळी येणं ही शिक्षाच वाटावी, पण पाळीवरून भांडण झालं नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. त्या आंब्याच्या शेंड्याजवळच्या तिकाटण्यावर, तीन फांद्यांच्या बेचक्यात, समुद्रगरुडांच्या जोडीने घर केलेलं. आमच्याकडे त्याला सरसकट मोठी घार म्हणत. पांढरं पोट, राखाडी पंख, आणि आवाज हंसाचा घसा धरल्यासारखा. वर्षानुवर्षं काटक्यांवर काटक्या रचून त्यांनी घरट्याचा एवढा मोठा ढीग केला होता की त्यात आमची सायकल मावली असती. खाली मासळीचे काटे, खेकड्यांचे नांगे पडायचे. एकदा तर समुद्रसापाचा अर्धा सांगाडा आईच्या वाळवणात येऊन पडला. आईने वर बघून त्या जोडीला मालवणीतून जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

मी तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते. म्हणजे घरच्यांच्या भाषेत बसले होते. प्रत्यक्षात स्टुडिओचा निम्मा व्याप मीच बघत होते. त्या हिवाळ्यात घरट्यात पिल्लू दिसलं आणि मला त्याचे फोटो काढायचं वेड लागलं. उतारावर घरट्याच्या उंचीला येईल अशी एक जागा होती, तिथे मी नारळाच्या झापांचा आडोसा बांधला, आत एक पाट टाकला, आणि कॅमेऱ्याला बाबांचं जुनं लांब भिंग लावून बसू लागले. ते भिंग त्यांनी मुंबईच्या कुणा फोटोग्राफरकडून जुनं घेतलेलं. आत बुरशी धरली होती, त्यामुळे त्याच्यातून जग थोडं सर्दी झाल्यासारखं दिसायचं. पक्षी बिचकू नये म्हणून आडोसा आहे असं मी सगळ्यांना सांगत असे. त्याचा दुसरा उपयोग असा की माझ्यासाठी स्थळं घेऊन येणाऱ्या नातेवाइकांनाही मी दिसत नसे. हल्ली आमच्याकडे हाताएवढी लांब भिंगं घेऊन लोक येतात, अंगावर पानापानांचे छापील कपडे, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या विचारतात, नेस्ट कुठे आहे? पाच मिनिटांत पाचशे फोटो काढतात आणि विचारतात, इथे जेवायला काय मिळतं? मी त्यांना आईच्या पद्धतीने उत्तर देते.

मला रोल मिळायचा तो लग्नांचा उरलेला. लग्न आटोपलं की रोलच्या शेपटीला दोनचार फोटोंची जागा शिल्लक राही, ती माझी. त्यामुळे त्या वर्षीच्या आमच्या प्रत्येक रोलवर आधी नवरानवरी आहेत आणि शेवटी गरुडाचं पिल्लू. अल्बम चिकटवायचं काम आईचं, आणि चिकटवताना तिचं लक्ष चुलीवरच्या आमटीकडे. शिरोड्याच्या एका लग्नात वऱ्हाडी मंडळींच्या पानानंतर तिने पिल्लाचाही फोटो नीट कोपरे लावून चिकटवला. कापसासारखी लव, त्यातून वर आलेली तपकिरी पिसं, आणि सगळ्या जगावर रागावलेला तो चेहरा. मुलाकडचे आले आणि म्हणाले, ह्यो आमच्या झिलाक टोमणो आसा काय? बाबांनी फोटो बघितला, मग अल्बमातला नवरदेव बघितला, आणि सवयीने म्हणाले, व्हय. त्या दिवशी मात्र चहावर भागलं नाही.

याच सुमारास भाऊकाका मुंबईची नोकरी संपवून गावी राहायला आले. पाच घरांतलं थोरलं घर त्यांचं. चाळीस वर्षं गावात नसल्यामुळे गावाचं काय चुकलं ते त्यांना अचूक ठाऊक होतं. आल्या आल्या त्यांनी देवळाच्या पायऱ्या चुकीच्या दिशेला आहेत असं सांगितलं, मग विहिरीचं तोंड, आणि मग त्यांची नजर आंब्यावर गेली. आंबट आंबा, जागा अडलेली, खाली सावलीने काही उगवत नाही. त्यांनी पेट्या बनवणाऱ्या एका लाकूडवाल्याला गाठलं. हापूसचा हंगाम तोंडावर होता, त्याला पेट्यांसाठी रायवळाचं लाकूड ताबडतोब हवं होतं. म्हणजे आंबा तोडून त्यात आंबे भरायचे. यातली गंमत मी भाऊकाकांना सांगून पाहिली. त्यांना ती मुंबईत कधी ऐकायला मिळाली नव्हती, त्यामुळे कळली नाही. पाळीवरून तीस वर्षं एकमेकांची तोंडं न बघणारी पाच घरं आठवड्याभरात एक झाली. आमच्या भावकीची एकी नेहमी काहीतरी पाडण्यासाठीच होते.

बाबा अर्थात व्हय म्हणाले, आमच्याच ओटीवर, माझ्यादेखत. भाऊकाका गेल्यावर मी म्हटलं, बाबा, वर पिल्लू आहे, त्याला अजून उडता येत नाही, झाड पाडलं तर मरेल ते. बाबा म्हणाले, व्हय. मी म्हटलं, मग तुम्ही हो का म्हणालात? आई आतून म्हणाली, देवान ह्येंच्या तोंडात नाय शब्दच घालूक नाय, तू खंयसून काढतलंस? त्या रात्री मी जेवले नाही. सोलकढी होती, तरी जेवले नाही, यावरून माझा राग केवढा होता ते कळावं. इतक्या भल्या माणसाचा मला इतका संताप येऊ शकतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आता आमच्या भावकीची एक रीत सांगायला हवी. सामाईक झाडाला कुऱ्हाड लावायची तर आधी त्या जागेच्या राखणदाराला नारळ ठेवायचा. राखणदार म्हणजे जागा सांभाळणारा देव. तो दिसत नाही, पण आमच्या प्रत्येक भांडणात त्याची साक्ष काढली जाते. नारळ ठेवून एकाने गाऱ्हाणं घालायचं आणि प्रत्येक घराच्या कर्त्या पुरुषाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला रुकार द्यायचा. तोंडाने, मोठ्याने. एक घर जरी गप्प राहिलं तर तो रुकार धरत नाहीत, नारळ न फोडता उचलायचा. गप्प राहिल्याचं उदाहरण मात्र कुणालाच आठवत नव्हतं. गाऱ्हाण्याला व्हय म्हाराजा म्हणायचं नाही, हे आमच्याकडे शिंक आल्यावर न शिंकण्याइतकं अवघड.

गाऱ्हाण्याच्या दोन दिवस आधी बाबा पहिल्यांदाच माझ्या आडोशात आले. माझ्या निगेटिव्हमध्ये पिल्लू धूसर येतंय याचा त्यांना धंद्यातला माणूस म्हणून त्रास होत होता. पाटावर बसले, डोळा लावला आणि उठेनात. मादी मासा घेऊन आली. तिने तो पायाखाली दाबला, चोचीने बारीक तुकडा तोडला आणि मान वाकडी करून पिल्लाला भरवला. मग आणखी एक. आईने आमटीतला काटा काढून मला भरवावं तसं ते होतं. खाऊन झाल्यावर पिल्लू घरट्याच्या काठावर आलं आणि त्याने न उडताच पंख फडफडवले. पंख केवढे मोठे आणि ते केवढं बावळट. बाबांनी विचारलं, उडूक अजून किती दीस? मी म्हटलं, तीन आठवडे तरी. व्हय, म्हणाले आणि भिंगाची कडी किंचित फिरवून निघून गेले. मी त्या व्हयवर फार विसंबले नाही.

गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांचा. तात्या म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. एरवी त्यांना घरात कुणी विचारत नसे, त्यामुळे राखणदारापुढे ते जोरात बोलत. आंब्याखाली केळीच्या पानावर नारळ, विडा, उदबत्ती. पाच घरांचे पुरुष टोप्या घालून उभे, बायका लांब कुंपणाशी, लाकूडवाला त्याहून लांब, आणि वर पिल्लू काठावर येऊन खाली बघतंय. तात्यांनी सूर लावला, “बा राखणदारा म्हाराजा, आज पाचय घरवाल्यांनी तुज्या पायाकडे नारळ ठेवलो हा. ह्या झाडाक कुराड लावूची म्हणतत. पोराबाळांका, गुराढोरांका सांभाळ, आणि काय चुकला-माकला आसात तर पदरात घी रे म्हाराजा!” व्हय म्हाराजा, असा गजर झाला. तात्यांचा कान मोठा तयार. त्यांनी हात वर केला, पुन्हा म्हटलं, पुन्हा गजर झाला, आणि ते बाबांकडे वळले. बाळा, तुजो आवाज इलो नाय. बाबांनी तोंड उघडलं. आतून फुंकणीतून येतो तसा नुसता वारा आला. त्यांनी गळ्याला हात लावला, मान हलवली आणि केविलवाणं हसले. आवाज बसला होता.

भाऊकाकांच्या कपाळाची शीर उडू लागली. कालच तर तिठ्यावर बोलत होता, असं ते म्हणाले. बाबांनी हाताने काल, थंड पाणी आणि घसा असं सगळं करून दाखवलं. मान हलवली तर चालेल का, अशी लाकूडवाल्याने लांबून विचारणा केली. तात्यांना ती फार लागली. राखणदार म्हातारो आसा, तेका दिसणा नाय, ऐकाक येता, असं त्यांनी सुनावलं. नारळ उचलला. दोनचार दिवसांनी आवाज सुटला की पुन्हा ठेवू असं ठरलं, आणि झाड पाडायला टपलेली सगळी भावकी बाबांचा घसा बरा करायच्या मागे लागली. असं प्रेम बाबांना जन्मात मिळालं नव्हतं. भाऊकाका ज्येष्ठमध घेऊन आले, तात्यांनी अंगारा आणला, एका घरून आलं-मध, एका घरून वेखंड. सकाळसंध्याकाळ कुणी ना कुणी ओटीवर बसून बाबांना आ करायला लावी आणि टॉर्च मारून आत बघे. बाबा हळद-मिठाच्या गुळण्या करत, सगळ्यांचं सगळं घेत आणि मान डोलवत. त्याही काळात त्यांनी एका लग्नाचं काम घेतलं. ‘हनुवटी जरा वर’ म्हणता येईना, म्हणून हातवारे करत फिरले. ते हातवारे बघून नवरी खुदकन हसली, आणि त्यांच्या सगळ्या आयुष्यात काढलेल्या लग्नाच्या फोटोंत हसणारी ती एकच नवरी आहे. बाकीच्यांना त्यांनी बोलून बोलून घाबरवलं होतं.

मलाही आवाज खरोखरच बसलाय असं वाटत होतं. योगायोग म्हणून मी खूष होते इतकंच. चौथ्यापाचव्या सकाळी बाबा आडोशात माझ्या शेजारी येऊन बसले. पिल्लू पाठमोरं होतं, मी वाट बघत होते, आणि कानाशी अगदी स्वच्छ, ठणठणीत आवाज आला, “चोचीवर नको, डोळ्यावर धर.” माझा हात असा हलला की तो फोटो नुसत्या आभाळाचा आला. मी वळून बघितलं. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि भिंगाकडे बघत बसले. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ज्या माणसाला नाही म्हणता येत नव्हतं त्याने हो म्हणण्याचं हत्यारच बोथट करून टाकलं होतं. खोटं बोलायचं नाही म्हणून तो बोलायचाच बंद झाला. त्या दिवसापासून आडोशात आम्ही भरपूर गप्पा मारायचो, दबक्या आवाजात. माझ्या लग्नाचं त्यांना काय वाटतं, काश्मीरचा पडदा त्यांना मुळीच कसा आवडत नाही, हे सगळं मला तिथे कळलं. घरी आलो की ते पुन्हा मुके. आईला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण आईने दुसऱ्याच दिवसापासून काढ्याऐवजी त्यांच्या पेल्यात गुळाचा चहा ओतायला सुरुवात केली होती, हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं.

दोन आठवडे झाले तेव्हा भाऊकाका बाबांना मोटारसायकलवर मागे बसवून डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, घशात काही नाही. आता बिंग फुटलं, असं मला वाटलं. पण आमच्या भावकीची बुद्धी मी कमी लेखली होती. घशात काही नाही आणि आवाजही नाही, याचा अर्थ तात्यांनी तिथल्या तिथे लावला. आवाज राखणदाराने धरून ठेवला आहे. भाऊकाका मुंबईत राहून असल्या गोष्टी मानत नव्हते, म्हणून त्यांनी फक्त एकच कोंबडा द्यावा असं सुचवलं. आंब्याखाली राखण झाली. कोंबड्याचा रस्सा आणि वडे तिथेच शिजले, पुरुषांनी तिथेच खाल्ले. घरातली बाईमाणसं त्या रश्श्याला हात लावत नाहीत, राखणदाराला चालत नाही म्हणे. बाबा दोनदा रस्सा मागून घेऊन जेवले, खुणेने. जेवून झाल्यावर सगळ्यांनी त्यांच्या तोंडाकडे आशेने बघितलं. बाबांनी ढेकर दिली. तो आवाज धरायचा का, यावर थोडी चर्चा झाली.

पिल्लू उडालं ती सकाळ खाऱ्या वाऱ्याची होती. नर मासा घेऊन आला, पण घरट्यात आलाच नाही. पलीकडच्या माडावर बसला आणि मासा पायात धरून ओरडत राहिला. पिल्लू भुकेलं होतं. काठावर जाई, पंख पसरी, वारा भरला की घाबरून मागे सरके. असं किती वेळ चाललं कोण जाणे. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, बाबा शेजारी बसले होते. मग वाऱ्याचा एक झोत आला, पिल्लाचे पाय काटक्यांवरून सुटले, आणि पुढे काय करायचं ते त्याला न विचारताच पंखांनी केलं. मी बटण दाबलं. रोल संपत आला होता, अर्धीच जागा उरली होती. त्या फोटोत एक आख्खा पंख आहे, अर्धं डोकं आहे आणि पुढे पांढरं. आज तो फोटो बघून शहाणी माणसं म्हणतात, काय कंपोझिशन आहे. मी त्यांना रोलबद्दल सांगत नाही.

आणि त्याच क्षणी बाबा आडोशाचं झाप ढकलून बाहेर आले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, “उडालां गो बाय! उडालां!” पाचही घरांत ऐकू गेलं. माणसं परसात आली. तीन आठवडे कोंडलेला आवाज होता तो, चांगला कमावलेला. तात्यांनी वर बघितलं, पिल्लू माडावर धडपडत उतरताना त्यांना दिसलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. राखणदाराला पिल्लू वाढवायचं होतं, वाढलं, आवाज परत दिला, असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. बाबांना खोटं ठरवायचं तर राखणदारालाही खोटं ठरवावं लागणार होतं. भाऊकाकांचा संशय त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता, पण तो त्यांनी गिळला. ते व्यवहारी माणूस. म्हणाले, बरां झालां, आता उद्याच नारळ ठेवया.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पान, नारळ, विडा. आता पिल्लाचा प्रश्न उरला नव्हता आणि आवाजाचाही नाही. बाबांच्या हातात आता काही नाही हे मी मनाशी मान्य केलं होतं. वर रिकामं घरटं होतं. जोडी पुढच्या वर्षी तिथेच येणार, हे आडोशात बसून आम्ही दोघं कितीदा बोललो होतो. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. चार घरांनी व्हय म्हाराजा म्हटलं. बाबांनी तोंड उघडलंच नाही. गळ्याला हात लावला नाही, खूण केली नाही, केविलवाणं हसलेही नाहीत. नुसते टोपी सारखी करून उभे राहिले, वर घरट्याकडे बघत. तात्यांनी त्यांचं नाव घेतलं. मग पुन्हा घेतलं. भाऊकाका म्हणाले, बाळा, काल गाव उठवलंस, आज काय झालां? बाबांचं कपाळ घामाने भिजलं होतं. काश्मीरच्या पडद्यापुढे बसलेल्या माणसांसारखे ते उभे होते, पण उभे होते. सगळ्या भावकीदेखत, आवाज शाबूत असताना, माझा बाप गप्प राहिला. नाही म्हणणं त्यांच्या ताकदीबाहेरचं होतं. ते जिथवर जाऊ शकत होते तिथवर गेले होते. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की कुंपणाचा काटेरी निवडुंग मी मुठीत धरला होता हे हात धुताना कळलं. शेवटी तात्या खाली वाकले, नारळ उचलला आणि म्हणाले, घर गप आसा.

भाऊकाका बाबांशी तीन वर्षं बोलले नाहीत. बाबांच्या मते ती तीन वर्षं फार सुखाची गेली. जोडी दर हिवाळ्यात येत राहिली, मी आडोसा नवा करत राहिले. लग्न केलं नाही, स्टुडिओ चालवला, पडदा मात्र जाळून टाकला. बाबा गेले तेव्हा बाराव्याच्या जेवणानंतरच भावकीने आंब्याचा विषय काढला. आता आमच्या घराचा रुकार कोण देणार? तात्या फार थकले होते, पण रीत सांगायला उठून बसले. मुलीचा आवाज धरत नाहीत. घर तर आहे, त्याला वगळता येत नाही. आवाज नसलेल्या घराचा होकार खंयसून हाडूचो, म्हणजे आणायचा कुठून, असं म्हणून ते पुन्हा आडवे झाले. बायकांना बोलू द्यायचं नाही या आपल्या जुन्या रीतीने आपल्यालाच पाचर मारलेली बघून भाऊकाका पान न खाता उठले. माझ्या गप्प बसण्याला भावकीने इतका मान त्याआधी कधी दिला नव्हता.

असं बरीच वर्षं चाललं. यंदा भाऊकाकांचा मुलगा विलास आला. त्याला उतारावर समुद्र दिसेल अशा खोल्या बांधायच्या आहेत, आणि त्याच्या जाहिरातीत गरुडाचं चित्र आहे. चित्र माझ्याच फोटोवरून काढलंय, दुसरा पंख त्याने संगणकावर लावून घेतलाय. झाड तेवढं मध्ये येतं. सातबारावर माझं नाव आहेच, पण भावकीला कोर्टकचेरीआधी राखणदार लागतो. विलास खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि स्त्रियांवर पिढ्यान्‌पिढ्या कसा अन्याय झाला ते त्याने मला समजावलं. काळ बदललो, बाय, म्हणाला, आता तुजो आवाज चलतलो, मी सगळ्यांका पटवलंय. त्याचे डोळे ओलावले होते. मला होकाराला पात्र ठरवण्यासाठी भावकीत एवढी सुधारणा झाली हे ऐकून मलाही भरून आलं.

गेल्या आठवड्यात नारळ ठेवला. तात्यांचा नातू गाऱ्हाणं घालायला उभा होता, मोबाइलमध्ये बघून. वर घरट्यात पिल्लू काठावर आलं होतं, पांढरी लव अजून मानेवर, तसाच जगावर राग. बायका लांबच उभ्या होत्या. विलासने हात धरून मला मात्र पुरुषांच्या रांगेत आणलं, फोटोही काढून घेतला. गाऱ्हाणं झालं. चार घरं गरजली. सगळे माझ्याकडे बघू लागले, विलास तर मान हलवून मला प्रोत्साहन देत होता. आमच्या घराचा आवाज असा पहिल्यांदाच कुणी सन्मानाने मागत होतं. मी घसा साफ केला, आणि राखणदार म्हातारा आहे, त्याला नीट ऐकू जावं म्हणून चांगल्या मोठ्याने म्हटलं,

“नाय म्हाराजा.”

तात्यांच्या नातवाने मोबाइल वरखाली करून बघितला. पुढे काय म्हणायचं ते त्यात कुठेच नव्हतं.